गादीला ऊन

डिसेंबरातली संध्याकाळ. सात वाजून गेले होते. गेटवरच्या मामांनी खालून इंटरकॉम केला. "म्याडम, एक गोरा आलाय सायकलवरनं. काय बोलतोय कळंना. हात कानाखाली धरून दावतोय. जरा येता का खाली?" मी ओल्या हातानंच खाली गेले. तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला, सायकलीच्या दोन्ही अंगांना फुगलेल्या पिशव्या आणि त्यांच्यावर धुळीचा थर. कोल्हापूरहून निघाला होता, विजापूरवरून हंपीला जायचं होतं. त्याला खोली नको होती, जेवण नको होतं. पार्किंगचा एखादा कोपरा किंवा गच्ची, एवढंच. तंबू त्याच्याकडे होता. सकाळी सहाला निघतो म्हणाला. तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले. परदेशी माणूस ठेवला तर पोलिसांत कळवावं लागतं, सोसायटीच्या आवारात काही झालं तर जबाबदार कोण, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या घरी ठेवणार असाल तर बघा, ताई." नवरा बाहेरगावी होता. मुलीची परीक्षा चालू होती. हॉलमध्ये दोरीवर कपडे वाळत होते. ही सगळी कारणं माझ्या डोक्यात एका दमात येऊन उभी राहिली आणि मी त्या मुलाला सांगितलं की स्टँडजवळ लॉज आहेत, स्वस्त आहेत. तो ठीक आहे म्हणाला आणि फक्त पाणी मागितलं. मी वर जाऊन त्याच्या दोन बाटल्या भरून आणल्या. खाली आले तेव्हा तो उकिडवा बसून मागच्या टायरची हवा अंगठ्यानं दाबून बघत होता. बाटल्या घेतल्या, छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि गेला. सायकलीचा लाल दिवा कोपऱ्यापर्यंत दिसत राहिला.

दिवा वळला आणि मला बेबियाचा पलंग आठवला.

2018 च्या सप्टेंबरअखेरीस मी एकटी कॉकेशसमधल्या जॉर्जिया या देशाला गेले होते. तेव्हा तिकडच्या चलनातली एक लारी सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांना पडायची आणि राहणं-खाणं-फिरणं धरून दिवसाला चाळीस लारींच्या वर जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. राजधानी तिबिलिसीतले पहिले तीन दिवस काऊचसर्फिंगवर, म्हणजे प्रवाशांना आपल्या घरी फुकट उतरवून घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर, ओळख झालेल्या एका मुलीकडे काढले. 2004 पासून चालत आलेलं ते संकेतस्थळ तेव्हा अजून फुकट होतं. पैसे लागायला लागले 2020 मध्ये. त्या मुलीकडे आधी राहून गेलेल्या पन्नासेक लोकांनी तिच्याबद्दल काय लिहिलंय ते मी सांगलीत बसून दोन-दोनदा वाचलं होतं, बायकांनी लिहिलेलं तर तीनदा. ती सोव्हिएत काळातल्या एका उंच, कळकट इमारतीत राहायची. लिफ्टमध्ये नाणी टाकायची पेटी होती, वीस तेत्रीचं, म्हणजे लारीच्या सुट्ट्या पैशांतलं, नाणं टाकल्याशिवाय ती हलायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं दारामागची वाटी दाखवली, सुट्ट्या तेत्रींनी भरलेली. "हे लिफ्टचे. तुझेपण." परक्याच्या घरात आपण कुठल्या क्षणी सैलावतो ते सांगता येत नाही. माझं त्या वाटीपाशी झालं.

पण तिच्याकडे जाताना निदान माझं नाव, फोटो, तारीख असं काहीतरी आधी ठरलेलं होतं. बेबियाच्या घरी मी कशाचाही पत्ता नसताना पोचले.

त्या दिवशी सकाळी तिबिलिसीच्या सामगोरीहून मार्शुत्कानं, म्हणजे तिकडच्या वडापनं, सिघनाघीला गेले. वडाप म्हटलं की सांगलीकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तरी अजून एक माणूस बसतो. सिघनाघीहून बोदबेचा मठ चालत दोनेक किलोमीटर. तिथं संत निनोची समाधी आहे. निनो ही चौथ्या शतकात कॅपाडोकियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेली परकी बाई. द्राक्षवेलीच्या दोन काड्या स्वतःच्या केसांनी बांधून तिनं क्रूस केला, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. म्हणून जॉर्जियात त्या क्रुसाचे आडवे हात सरळ नसतात, खाली झुकलेले असतात. माझा जन्म तासगावचा, द्राक्षबागेतला. वाळलेली काडी कशी वाकते ते मी लहानपणापासून बघत आलेय. त्या झुकलेल्या क्रुसापुढं मी किती वेळ उभी राहिले मला कळलंच नाही, आणि मग खाली अलझानीच्या खोऱ्यात उतरायला उशीर झाला. खालच्या फाट्यावर पोचले तेव्हा परतीची शेवटची गाडी निघून गेली होती. समोर लांबवर कॉकेशसची रांग, वरच्या शिखरांवर गुलाबी ऊन, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागाच बागा.

त्यातल्याच एका बागेत माणसं घड काढत होती. रत्वेली चालू होती. रत्वेली म्हणजे द्राक्षांची काढणी, पण सुगी म्हटलं तर जास्त जवळ जाईल, कारण शहरात नोकरीला असलेली पोरंही त्या दिवसांत गावाकडे येतात. तिकडं काढणी आणि आमच्याकडे तेव्हा ऑक्टोबर छाटणीची तयारी. बांधावर उभी राहून मी बघत होते. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या एका म्हातारीनं मला बघितलं आणि पूर्ण हात खांद्यापासून हलवून बोलावलं. मी गेले. कुणीतरी हातात कात्री दिली. मी सवयीनं पहिला घड देठाला धरून कापला, मण्यांवरचा पांढुरका थर पुसला जाऊ नये म्हणून तळव्यानं न शिवता, आणि बादलीत अलगद ठेवला. सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे त्या थरावरच माल पेटीत जातो की मागं राहतो ते ठरतं. त्यांच्याकडे घड बादलीत फेकतात, कारण रात्रीपर्यंत तो तुडवलाच जाणार असतो. म्हातारी जवळ आली, माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला आणि काहीतरी म्हणाली. तिची नात कॉलेजात होती, तिला इंग्रजी येत होतं. तिनं सांगितलं, "आजी म्हणते, हिच्या घरी बाग आहे."

म्हातारीला सगळे बेबिया म्हणत होते. बेबिया म्हणजे आजी. आणि घरातल्या मधल्या वयाच्या दणकट माणसाला पोरं 'मामा' म्हणत होती. तासभर मी त्यांना त्या मुलांचा मामाच समजत होते. मग नातीनं सांगितलं की त्यांच्या भाषेत मामा म्हणजे वडील, आणि आई म्हणजे देदा.

अंधार पडेपर्यंत सापेरावीची एक अख्खी ओळ आम्ही संपवली. सापेरावीचा गर आतूनही लाल असतो, नावाचा अर्थच रंग. माझी बोटं नखांच्या मुळापर्यंत जांभळी झाली, ती पुढं आठवडाभर तशीच होती. घरी आलो तेव्हा मारानीत, म्हणजे त्यांच्या तळघरासारख्या थंडगार खोलीत, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठाले रांजण दाखवले. क्वेव्री. आतून मधमाशांच्या मेणाचा हात दिलेला. या रांजणांत वाइन करायची रीत 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि या देशात वाइन होते त्याला 8,000 वर्षं झालीत. पण त्या मामांनी मला यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी एका रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारली आणि मलाही मारायला लावली. आतून माझाच आवाज घुमून, ओलसर होऊन परत आला. आमच्या आजीच्या परड्यातल्या आडात वाकून आम्ही अशीच हाक मारायचो.

मी राहणार आहे की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. टेबलावर एक पान जास्त मांडलेलं होतं. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, अक्रोडाचा वाटलेला मसाला गुंडाळलेली वांग्याची कापं, ताजी कोथिंबीर देठांसकट, चीज, आणि भट्टीतली लांबट टोकदार भाकरी. भांड्याचं झाकण काढल्याबरोबर मला मेथीचा वास आला. स्वच्छ, ओळखीचा, आमच्या स्वयंपाकघरातला. मी नातीला विचारलं, यात काय घातलंय. ती म्हणाली, उत्सखो सुनेली. निळ्या फुलांच्या मेथीचे दाणे आणि शेंगा वाळवून कुटतात. उत्सखो म्हणजे परका आणि सुनेली म्हणजे सुवासाचा मसाला. परका सुवास. रोजच्या डब्यातल्या मसाल्याला ते अजून याच नावानं ओळखतात. त्या रात्री त्या टेबलाशी बसलेली सगळ्यांत परकी मी होते, आणि त्या भांड्यातून मला माझ्या आईच्या हातचा वास येत होता.

मी दारू घेत नाही. मला वाटत होतं की आता अवघडल्यासारखं होईल. मामा तमादा होते, तमादा म्हणजे जेवताना पेला उचलून बोलणारा. आधी देवासाठी, मग शांततेसाठी, मग गेलेल्या माणसांसाठी, मग आलेल्यांसाठी. माझ्या पेल्यात त्यांनी दुपारीच गाळलेला, अजून न आंबलेला रस ओतला आणि तो माझ्यासाठी खास राखून ठेवल्यासारखं केलं. गेलेल्यांसाठी पेला उचलला तेव्हा मामांनी माझ्याकडे बघून नातीला काही विचारलं. तुमच्या घरातलं कोण गेलंय, असं ते विचारत होते. मी म्हणाले, वडील. मग मामांनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं, दोनदा उच्चारून बघितलं, आणि त्या टेबलाभोवती नऊ माणसांनी तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराचं नाव घेऊन पेले रिकामे केले. माझे वडील कधी बेळगावच्या पलीकडे गेले नव्हते.

मी सॅकमधून बेदाण्याचं पुडकं काढलं. वाटेत कुणाला द्यायला म्हणून नेलं होतं, आमच्याच रॅकवरचे, हिरवट-सोनेरी. बेबियानं एक मणी दोन बोटांत चोळला, उजेडाकडे धरला, खाल्ला आणि म्हणाली, "किशमिशी." तेवढा एक शब्द आम्हा दोघींना नातीशिवाय कळला.

मला दिलेली खोली आतल्या बाजूला होती. लोखंडी पलंग, जाड रजई, चादरीला कडक उन्हाचा वास. भिंतीवर कुणाचातरी लग्नातला फोटो. मी पडल्या पडल्या झोपले. पहाटे तीनच्या सुमाराला बाहेर अंगणातल्या संडासाला जावं म्हणून उठले, मोबाइलच्या उजेडात स्वयंपाकघरातून चालले, आणि भट्टीशेजारच्या अरुंद बाकड्यावर काहीतरी हललं. बेबिया होती. अंगावर लोकरीचा कोट, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, पायांत मोजे, आणि पाय बाकड्याला पुरत नाहीत म्हणून गुडघे पोटाशी. रुमाल सोडलेला होता, पांढऱ्या केसांची बारीक वेणी खाली लोंबत होती. पलंगावर मीच झोपले होते, तिच्या. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि हातानं दाराची कडी कुठंय ते दाखवलं. परत आले तेव्हा तिनं कूस बदलली होती, भिंतीकडे तोंड करून, माझी नजर तिच्यावर पडू नये म्हणून. मी त्या पलंगावर सकाळपर्यंत जागीच पडून होते. उठवून तिला इकडे झोप म्हणावं तर ते तिचं दिलेलं परत केल्यासारखं होणार होतं. न म्हणावं तर सत्तरीच्या पुढची बाई लाकडावर झोपलेली. मला अजूनही त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

सकाळी मी एक चूक केली. नातीला बाजूला घेऊन विचारलं की किती पैसे देऊ. तिनं टाळलं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं नाइलाजानं आजीला सांगितलं. बेबिया टेबल पुसत होती. ऐकल्यावर तिचा हात थांबला नाही. पुसून झालेली जागाच ती पुन्हा पुसत राहिली, आणि मग फडकं पिळायला बाहेर निघून गेली. नात हळूच म्हणाली, "आता परत विचारू नकोस." मग तिनं त्या खोलीबद्दल सांगितलं. 1993 च्या सप्टेंबरात अबखाझिया या जॉर्जियातून फुटून निघालेल्या भागाची राजधानी सुखुमी फुटीरांच्या हाती पडली, तेव्हा तिथून दोन लाखांवर जॉर्जियन माणसं घर सोडून बाहेर पडली. तिबिलिसीतली मोठी मोठी हॉटेलं त्या लोकांनी भरून गेली. त्यातली एक बाई दोन मुलांना घेऊन या घरी आली, ओळख ना पाळख. आठवडाभर म्हणून ठेवली, ती चार वर्षं राहिली. ते दिवस अंधाराचे, वीज नाही, पावासाठी रांगा. चुलीवरून बेबिया आणि त्या बाईची भांडणं व्हायची, एकदा तर दोन महिने बोलणं बंद होतं. तरी ती खोली त्यांचीच राहिली. ती बाई गेली तेव्हापासून बेबिया त्या पलंगावर झोपते, पण कुणी आलं की उठते.

हे ऐकून मला बरं वाटलं, खरं सांगते. भांडणाचं ऐकून. आदल्या रात्रीपासून मी बेबियाला मनातल्या मनात देवघरात बसवायला निघाले होते. 'स्तुमारी घ्वतीसाआ', पाहुणा देवाचा असतो, असं तिकडं सगळे म्हणतात. आपण पाहुण्याला देव म्हणतो, ते देवाचा म्हणतात. देवाचा असलेला माणूस चुलीवर जास्त वेळ भांडं ठेवू शकतो, त्याचा राग येऊ शकतो, आणि तरी त्याला बाहेर काढता येत नाही. मला ते जास्त पेलण्यासारखं वाटतं.

निघताना बेबियानं अक्रोडाच्या माळा दिल्या, द्राक्षरसात पीठ शिजवून त्यात बुडवून वाळवलेल्या, चुरचखेला. आणि वर्तमानपत्रात बांधून उत्सखो सुनेली. माळा विमानातच संपल्या. मसाल्याची बाटली अजून आहे, तळाला बोटभर, वास आता आठवल्यावरच येतो.

आमच्या आजीचं घर मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर होतं. आषाढात दिंडी आमच्याकडे उतरायची. 'उतरायची' हा शब्द मला त्या सायकलवाल्यानंतर पुन्हा सापडला. दिंडी राहत नसे, मुक्काम मागत नसे, उतरत असे, जशी पाखरं उतरतात. पडवीत, सोप्यात, जनावरं बाहेर काढून गोठ्यातसुद्धा. आजी परातीच्या परात पीठ मळायची आणि कुणालाही नाव-गाव विचारायची नाही. सगळ्यांना माउली. कुणाचे पाय फोडानं भरलेले असले तर कोमट पाण्यात मीठ घालून टोपलं पुढं सरकवायची. दुसऱ्या दिवशी पडवीत शेणाचा सडा पडायचा आणि झालं. पैशाचं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नाही. मी त्याच घरातली आहे. आणि एका मुलाला मी पार्किंगचा कोपराही मिळवून देऊ शकले नाही.

नवरा परत आल्यावर म्हणाला, तू बरोबर केलंस, घरात तुम्ही दोघीच होतात. तो बरोबर आहे. सेक्रेटरींचंही चुकलं नव्हतं. एकट्या बाईनं कुणाला दार उघडायचं हा प्रश्न तिबिलिसीतल्या त्या मुलीनंही स्वतःला विचारला असणार, आणि तिच्याकडे निदान वाचायला काहीतरी होतं. माझ्यासमोर फक्त एक सोललेलं नाक होतं. पण मी त्याला लॉजचा रस्ता सांगितला तेव्हा माझ्या मनात भीती नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. हॉलमधले वाळत घातलेले कपडे होते. ते काढायचा कंटाळा होता.

जानेवारीत मी पोलिसांत जाऊन विचारून आले. परदेशी माणूस घरी उतरला तर 24 तासांच्या आत ठरलेला फॉर्म ऑनलाइन भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती द्यायची. तिथल्या हवालदारांनी मला पडद्यावर सगळं दाखवलं, दोनदा. सोसायटीच्या मीटिंगला मी विषय काढला. पार्किंग आणि गच्ची नाही म्हणाले, पण आपापल्या घरात आपल्या जबाबदारीवर ठेवायला कुणाची ना नाही. नवरा घरी नसला तर खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्याकडे झोपायला येतो म्हणाल्या, मी विचारायच्या आधीच.

मग पिंजारी आला तेव्हा माळ्यावरच्या दोन जुन्या गाद्या खाली काढल्या. त्यातल्या एकीवर वडील झोपायचे. दोन्हींचा कापूस पिंजून एकच जाड गादी करून घेतली, नवं खोळीचं कापड घालून. मुलगी म्हणाली, आई, ही हॉलमध्ये मावेल का. कपड्यांची दोरी काढली की मावते.

गेटवरच्या मामांच्या वहीत शेवटच्या पानावर मी माझा फ्लॅट नंबर आणि मोबाइल लिहून ठेवला आहे. वर मामांनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'सायकलवाले'. फेब्रुवारी संपत आला, अजून कुणी आलेलं नाही. दर रविवारी मी गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकते, दुपारी एकदा उलटते आणि चारच्या सुमाराला गरम असतानाच घडी करून खाली आणते. परवा शेजारणीनं विचारलं, पाहुणे यायचेत का. मी हो म्हणाले.